श्री. उकंडराव फोन उचलतात

आमच्या भागात लग्न ठरलं की नवरा-नवरीपेक्षा पत्रिकेची काळजी जास्त असते. कोणाचं नाव वर, कोणाचं खाली, कोण ‘विनीत’मध्ये, कोण ‘व्यवस्थापक’मध्ये आणि कोणाचं राहून गेलं. राहून गेलेला माणूस पंगतीला बसतो, बुंदी दोनदा मागून घेतो आणि पुढची वीस वर्षं बोलत नाही. हे मला पक्कं ठाऊक होतं. माझा जन्मच यवतमाळचा. तरीही कौसल्याबाई गावंडेंचं पान भरताना ते माझ्या डोक्यात आलं नाही, आणि त्यापायी एका म्हातारीचा जीव जाता जाता राहिला. चूक माझी होती, म्हणून मीच सांगते.

मी प्रेरणा. लोहाऱ्याला एमआयडीसीच्या अंगाला आमच्या संस्थेचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. गावोगावच्या एकट्या राहणाऱ्या आजारी म्हाताऱ्यांची घरी जाऊन देखभाल करायची, हे आमचं काम. पूर्वी सगळा कारभार एका जाड वहीत मावायचा. कोणाला काय झालंय, कोणती गोळी, आणि दार वाजवूनही उघडलं नाही तर कोणाला हाक मारायची. मग नागपूरच्या मुख्य ऑफिसातून कपिल सर आले आणि त्यांच्यासोबत ‘आधारवेल’ नावाचं सॉफ्टवेअर आलं. वही कपाटात गेली आणि कपाटाची किल्ली कपिल सरांकडे गेली.

आधारवेलमध्ये प्रत्येक लाभार्थ्याचं एक पान. वर घराचा फोटो, मग आजार, मग औषधं आणि शेवटी ‘आधार-संपर्क’. म्हणजे, काही झालं तर कोणाला फोन लावायचा त्यांची यादी. लाभार्थ्याच्या गळ्यात एक लाल बटण. ते दाबलं की यंत्र यादीतल्या पहिल्या नंबरला फोन करणार, त्यानं नाही उचलला तर दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. कोणीतरी उचलून ‘एक’ दाबलं की प्रकरण बंद. उचलणारा खरंच घरी गेला की खाटेवर कूस बदलून झोपला, हे विचारायची सोय त्यात नव्हती. संपर्क कमीत कमी तीन, जास्तीत जास्त दहा. तीनपेक्षा कमी असले की ती ओळ लाल व्हायची, आणि दर सोमवारी कपिल सर नागपूरहून येऊन लाल ओळी भिंतीवर मोठ्या करून दाखवत आणि ज्याची ओळ त्याच्याकडे बघत बसत.

माझी सगळ्यात हट्टी लाल ओळ कौसल्याबाईंची होती.

बाभुळगावहून अकरा किलोमीटरवर टेंभुरणी खुर्द. कौसल्याबाई त्र्याहत्तर वर्षांच्या. शुगर जुनी, इन्शुलिन दोन वेळचं, आणि नजर इतकी अधू की सुईवरच्या रेघा दिसत नाहीत. दोन मुलगे, दोघंही गावाबाहेर. समोर सहा फुटांची गल्ली, आणि गल्लीपलीकडे बौद्ध वस्तीतलं पहिलं घर नंदाबाई मून यांचं. या नंदाबाई सकाळी कामावर जाण्याआधी आणि संध्याकाळी आल्यावर कौसल्याबाईंची सुई भरून देत. किती वर्षांपासून, ते दोघींनाही सांगता आलं नाही. कौसल्याबाईंच्या दाराशेजारी, विजेच्या मीटरखाली, नंदाबाईंनी स्वतःचा नंबर कोळशानं लिहून ठेवला होता. अडीनडीला कोणीही लावावा म्हणून.

“आजी, तुम्हाला काही झालं तर कोणाला बोलवायचं?” मी पान भरताना विचारलं होतं.

“नंदीले.”

“आणि?”

“आनखी कायले? नंदी येते ना.”

मी नाव टाकलं. सॉफ्टवेअरनं नातं विचारलं. पर्याय होते पती, पत्नी, मुलगा, मुलगी, सून, जावई, भाऊ, बहीण. सगळ्यात खाली ‘इतर’. मी ‘इतर’ दाबलं. संपर्क एकच, म्हणून ओळ लाल. पण त्या लाल ओळीचा कारभार चोख होता. दोन महिन्यांत बटण तीनदा दाबलं गेलं आणि तिन्ही वेळा नंदाबाई हजर. एकदा तर तुरीच्या शेंगा सोलताना कोपर लागून दाबलं गेलं होतं. नंदाबाई धापा टाकत आल्या, म्हातारीला चार शब्द ऐकवले आणि तिच्यासोबत शेंगा सोलत बसल्या.

मला मात्र सोमवार दिसत होता. मी थोरल्या मुलाला, बबनरावांना फोन केला; संस्थेच्या संमतीपत्रावर सही त्यांचीच होती. त्यांचं बाभुळगावात खत-बियाण्यांचं दुकान. म्हटलं, फक्त तुमचा आणि भावाचा नंबर द्या. बबनराव नंबर देण्यावर थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून लोहाऱ्याला आले.

“म्हंजे आमच्या मायच्या कागदावर त्या समोरचीचं नाव हाय, अन् आमचं नाई?” नंदाबाईंना ते नेहमी ‘समोरची’च म्हणत.

“काका, तो तसा कागद नाही. अडचणीत कोणाला फोन लावायचा त्याची यादी आहे.”

“कोन पाह्यते ते यादी?”

“आम्ही, नागपूरचे सर, दवाखान्यातले डॉक्टर.”

“म्हंजे सारेच पाह्यतेत.” त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. “मंग नीट होऊ द्या. क्रमानं लिवा.”

कागदावर अगदी वर होतं: कै. उकंडराव गावंडे.

“हे कोण?”

“आमचे वडील.”

“पण कै. म्हणजे...”

“नऊ वर्सं झाले. म्हून तं वर टाकले. वडिलायचं नाव खाली टाकते का कोनी?”

“काका, यात मोबाईल नंबर लागतो.”

बबनरावांनी त्याचाही विचार केलेला होता. “माह्या दुसऱ्या सिमचा टाका. ते सिम नाहीतरी डब्बीतच पडून हाय.”

उकंडरावांच्या खाली स्वतः बबनराव. मग धाकटे बाबाराव, हे झरी जामणीला मास्तर. मग चुलतभाऊ, कारण ते पंचायत समितीवर निवडून आले होते. ते जावयांच्या खाली गेले असते तर पोळ्याला बोलावणं बंद झालं असतं. मग घराण्यातले सगळे जावई वयानुसार, मग सुरतचा साळा, म्हणजे बबनरावांच्या बायकोचा भाऊ. नावं बरोबर दहा. त्यात बाई एकही नव्हती. “लेडीज मंडळीचं पाहू मंग,” असं ते म्हणाले.

मी भरत गेले. सॉफ्टवेअरमध्ये नावाआधी लावायला श्री., श्रीमती आणि डॉ. एवढंच होतं. माणूस वारल्यावरही संपर्कात राहील, हे बनवणाऱ्यांना सुचलं नसावं. त्यामुळे उकंडराव नऊ वर्षांनी पुन्हा श्री. झाले.

“अकरावं नाव बसत नाही,” मी म्हटलं. “नंदाबाई आधीपासून आहेत. यातलं एक काढावं लागेल.”

“मंग तेच काढा ना. घरचं हाय का ते कोनी?”

“पण काका, धावून त्याच येतात.”

“आमी मेलो का?” बबनरावांचा आवाज चढला. “नसन जमत तं राहू द्या. मी संमतीवरची सही वापस घेतो. घेऊन जा तुमचं बटन अन् तुमची नर्स.”

सही गेली असती तर म्हातारीचं इन्शुलिन, नर्सची फेरी, सगळंच गेलं असतं. तेव्हा मी मनाला हेच सांगितलं. पण खरं सांगायचं तर त्याच वेळी डोक्यात सोमवारही होता. मी नंदाबाईंच्या नावावर बोट ठेवलं. सॉफ्टवेअरनं विचारलं, ‘नक्की?’ मी ‘हो’ दाबलं. ओळ हिरवी झाली. बबनरावांनी स्क्रीनचा फोटो काढला आणि तिथूनच बाकीच्या आठ जणांना पाठवला.

सोमवारी कपिल सरांनी ते पान भिंतीवर लावलं. “याला म्हणतात आधार! दहापैकी दहा. प्रेरणा, वेल डन.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या.

नोव्हेंबर उजाडला. शेतांत कापूस वेचणी जोरात होती. एका गुरुवारी सकाळी साडेदहाला माझ्या स्क्रीनवर लाल पट्टी आली: कौसल्याबाई गावंडे, बटण दाबलं. पाऊण मिनिटात हिरवी झाली: प्रतिसाद मिळाला, प्रकरण बंद. मी समोरच्या पोह्यांकडे वळले. दोन घास झाले नाहीत तोच पुन्हा लाल, पुन्हा हिरवी. मग पुन्हा. पाचदा बटण दाबलं गेलं आणि पाचदा प्रकरण बंद झालं. नागपूरच्या तक्त्यावर त्या दिवशी कौसल्याबाईंच्या नावापुढे पाच यशं जमा झाली.

बरं असलेलं माणूस पाचदा बटण दाबत नाही. मी बबनरावांना फोन लावला. मागे बँड वाजत होता.

“हो, आलता ना फोन. म्या लगेच एक दाबलं. पाचही डाव.”

“मग आजींकडे कोण गेलं?”

“मी साखरपुड्यात हावो मॅडम, कळंबले. बाबारावले सांगतलं ना म्या.”

बाबाराव झरी जामणीच्या शाळेत, म्हणजे तिथून शंभर किलोमीटरच्या पल्याड. “दादानं उचलला म्हंजे दादा गेलाच असन,” ते म्हणाले. “मोठा असताना मी कायले मधात पडू?” पंचायत समितीवाल्या चुलतभावांनी नर्सची बदली करून हवी का, असं विचारलं. थोरले जावई म्हणाले, “आमचं नाव पाचवं हाय. चवथे काय म्हनून राह्यले?” आपला क्रमांक मात्र एकजात सगळ्यांना पाठ होता. त्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुपही होता, ‘मातृसेवा’ नावाचा. बबनरावांनी त्यावर ‘मायचा फोन आलता, कोनी पाहून घ्या’ असं टाकलं होतं आणि खाली आठ जणांनी हात जोडले होते.

नंदाबाईंचा नंबर माझ्याजवळ नव्हता. काढून टाकलेला संपर्क बघायला गेले तर सॉफ्टवेअर म्हणालं, आपल्याला परवानगी नाही. वही कपाटात, किल्ली नागपुरात. मी चरफडत स्क्रीनकडे बघत होते आणि पानाच्या वर तो घराचा फोटो दिसला. निळं दार, शेजारी मीटर, मीटरखाली काहीतरी काळं. फोटो मोठा केला. कोळशानं लिहिलेले दहा आकडे. नऊ स्पष्ट होते. शेवटचा पुसट; एक असेल नाहीतर नऊ.

एक लावून पाहिला. पुसदचा कोणी पानवाला निघाला, आणि मी कोण, कुठली, हे विचारू लागला. फोन आपटून नऊ लावला.

“कोन?”

“नंदाताई, मी प्रेरणा, ऑफिसमधून. आजींनी बटण दाबलंय. पाच वेळा.”

“पाच डाव? मले तं फोनच नाई आला वो बाई. मले वाटलं, आता घरचे पाह्यतेत.”

फोन त्यांनी ठेवला नाही, पळता पळता तसाच हातात धरला असणार. मला कापसाच्या पऱ्हाट्या लुगड्याला घासल्याचा आवाज येत होता, धाप येत होती, मग कुत्रं भुंकलं, मग दार. “मावशे! अवं मावशे!” मी कानाला फोन लावून उभी होते. ऑफिसात उभं राहून दुसरं काय करणार होते? पेल्यात चमचा फिरल्याचा आवाज आला आणि मी खुर्चीत बसले. साखरेचं पाणी.

सकाळी इन्शुलिन घेऊन कौसल्याबाई भाकरी खायची विसरल्या होत्या. गॅसशेजारीच चक्कर येऊन पडल्या. हात गळ्यातल्या बटणापर्यंत पोचत होता, साखरेच्या डब्यापर्यंत पोचत नव्हता. आणखी अर्धा तास गेला असता तर संपलंच होतं, असं आमची नर्स म्हणाली.

नर्स आणि मी स्कूटरवरून पोचलो तेव्हा म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. बटण अजून मुठीतच होतं. “पाच डाव दाबलं, नंदे,” ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. “काहून नाई आली तू?”

नंदाबाई तिचे पाय चोळत होत्या. “वावरात होती ना मावशे. ऐकू नाई आलं.” नाव काढून टाकल्याचं त्या बोलल्या नाहीत. माझ्याकडे मात्र एकदा बघितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाहेर गल्लीत मी सगळं कबूल केलं. “तुमचं नाव आत्ता सगळ्यात वर टाकते,” मी म्हटलं. “कोणाला भांडायचं ते भांडू द्या.”

“नका टाकू बाई.” पदरानं त्यांनी कपाळ पुसलं. “मंग बबनभाऊ सही काढून घेईन, मावशीचं औषध जाईन. नाव त्यायचेच राहू द्या. मले फक्त फोन येऊ द्या.”

मी तिथंच, मीटरखाली उभं राहून बदल केला. पहिली ओळ: श्री. उकंडराव गावंडे, नातं पती. नाव तसंच ठेवलं, फक्त डबीतल्या सिमचा नंबर खोडून कोळशाचा नंबर घातला. नियमानं ही खोटी नोंद होती. आधारवेलमधली ती पहिली खरी नोंद होती, असं माझं मत आहे. दहाच्या दहा नावं जागच्या जागी राहिली आणि कोणाचाही मान गेला नाही.

त्यानंतर उकंडराव फोन उचलू लागले. पहिल्या घंटीला. सकाळी, दुपारी, कधीही. कौसल्याबाईंना भरवसा नव्हता म्हणून त्या अधूनमधून उगीच दाबून बघत, आणि उकंडराव तरीही उचलत. जानेवारीत तक्ता आला तेव्हा सरासरी चार सेकंदांत फोन उचलणारे श्री. उकंडराव गावंडे पाच जिल्ह्यांत पहिले होते.

कपिल सर हरखले. बाभुळगावच्या मंगल कार्यालयात ‘सर्वोत्तम आधार-संपर्क’ असा सत्कार ठेवला. मी दोनदा सांगायला गेले आणि दोनदा परत आले. सांगितलं असतं तर नंबर बदलला असता, आणि पुन्हा डबीतल्या सिमलाच फोन गेला असता. म्हणून तोंड मिटून सत्काराला गेले.

पहिल्या रांगेत गावंडे मंडळी यादीतल्या क्रमानं बसली होती. मागे टेंभुरणीची माणसं. कपिल सरांनी माईक हातात घेतला. “श्री. उकंडराव गावंडे यांना विनंती करतो, त्यांनी मंचावर यावं.”

मागून एक म्हातारा म्हणाला, “तो कसा येईन बापा?”

बबनराव उठले, शर्ट सारखा केला आणि वर गेले. “वडिलायच्या वतीनं मी घेतो.”

“वडील आज येऊ शकले नाहीत वाटतं?”

“नाई,” बबनराव गंभीरपणे म्हणाले. “त्यायले नाई जमत.”

शाल पडली, नारळ हातात आला, फोटो निघाला. तिथंच आटोपलं असतं. पण कपिल सरांना उत्साह आला. “आपण आत्ता, तुमच्यासमोर चाचणी घेऊ! उकंडराव असतील तिथून फोन उचलतील.” मी खुर्चीतून अर्धी उठले, पण त्यांनी लॅपटॉपवर बटण दाबलंसुद्धा. फोनची घंटी भोंग्यातून अख्ख्या कार्यालयात वाजली.

“उचलते का काय लेकाचा!” मागचा म्हातारा म्हणाला. दोन बायका उठून दाराकडे सरकल्या.

एकच घंटी. मग धाप. “आली मावशे, आली! निंगालीच! उठू नको, पडून राह्य, डब्बा तुह्या उशाशीच हाय!” आणि लुगड्याला पऱ्हाट्या घासल्याचा तोच आवाज, आता भोंग्यातून, साडेतीनशे माणसांना ऐकू येत होता.

“उकंडराव?” कपिल सर माईकमध्ये म्हणाले.

“मावशे, आवाज देजो वं! बोलत काहून नाई?” बाई पळतच होती.

“या कोण?” सरांनी बबनरावांना विचारलं.

बबनराव नारळ धरून उभे होते. त्यांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं. तिसऱ्या नावानं चौथ्याकडे पाहिलं, चौथ्यानं पाचव्याकडे, आणि शेवटचा साळा चपलेकडे बघत होता. भोंग्यातून धाप येतच होती. मी माईक घ्यायला निघाले, पण बबनराव त्याआधी वाकले. इतक्या महिन्यांत त्यांच्या तोंडून मी ते नाव कधी ऐकलं नव्हतं.

“नंदाबाई,” ते म्हणाले. “बबन बोलून राह्यलो. माय बरी हाय. दम खा, पडसान.”

पळण्याचा आवाज थांबला. “चाचनी होती काय?”

“हो.”

“बरं झालं बापा,” नंदाबाई म्हणाल्या. अजून श्वास लागलेला होता. “पन आता अर्ध्या वाटंवर आलीच हावो, तं मावशीले पाहूनच जातो.”